फाटकावरची गोपिकाबाई

...तसं नव्हं गं पुष्पे, आधी फाटक लिही, मेंढरं मंग. लई घाई करती तू. फाटक कळल्याबिगर मेंढराचं काय कळंल? आन 'माझी माय, माझी माय' असं लिहित जाऊ नको. वाचणाऱ्याला कुणाची माय ते काय ठावं? नावच घाल, गोपिकाबाई.

तर ही गोपिकाबाई धनगराची लेक, वडीगोद्रीकडच्या एका वाडीवरची. दिलेली बी तिथंच, वाडीतल्या वाडीत. नवरा बिरू. दोघं चालाया लागल्यापसून मेंढरामागं. पावसाळ्यात वाडीवर, बाकीचे आठ महिने रानोमाळ. आज ह्याच्या वावरात कळप बसव, उद्या त्याच्या. लेंड्यामुतानं वावर पिकतं, म्हणून कुणबी सोता बोलवाया यायचे आन दोन दिवस मेंढरं बसवली की पदरात जवारी घालायचे. आसं चाललं व्हतं बराबर. मंग एका सालाला मेंढरावर देवी आल्या. रझाकाराच्या आधीची गोष्ट, पाच-सहा वर्सं आधीची. सकाळी उठावं तर चार पडलेली, दुपारी आणखी दोन. शंभराच्या कळपातली आठ उरली.

आठ मेंढरामागं दोन माणसं काय फिरतील? तव्हा कडूबा आला. कडूबा रेल्वेच्या कामावरला मुकादम, निजामाची रेल्वे व्हती न तव्हा. तो म्हणला, "बिरू, परतूरच्या अलीकडं फाटकावर माणूस पाहिजे. राह्याला खोली, म्हैन्याला पगार. पर एकट्याला देत न्हाईत. बायको पाहिजे संगं. एक झोपला तर दुसरं जागं पाहिजे."

बिरूची माय गोजरबाई ओट्यावर बसून तंबाखू मळून राह्यली व्हती. ती म्हणली, "मेंढरामागचं माणूस एका जागी बसवलं की त्याला मुळव्याध व्हती. माझं आईकून ठिवा."

पर बिरू हो म्हणला. दसरा झाला आन निघाले. बैलगाडीत एक जातं, दोन घोंगड्या, हांडा, आन मांडीवर दोन वर्साची पोरगी. ती मी. माझं येवढंच लिही, जास्ती नको.

आठ मेंढरं गोपिकाबाईनं आपल्या भावाला दिली, रायभानला. अर्धलीनं. म्हंजे सांभाळायचं त्यानं, लोकर आन कोकरं निम्मी-निम्मी. त्या आठात एक बुगडी व्हती. कानाजवळ पांढरा ठिपका, बुगडी घातल्यावानी, म्हणून बुगडी. जलमली त्याच दिशी तिची माय मेल्ती. गोपिकाबाईनं तिला शेळीच्या दुधावर, चिंधीचा बोळा चोखवून वाढवली. तिच्या गळ्यात पितळंची घाटी बांधली. मोठी झाल्यावर तीच कळपाच्या म्होरं चालायची. घाटी वाजली की बाकीचे मागं. आन गोपिकाबाईनं हाक मारली की बुगडी दोन वावरं वलांडून यायची.

निघायच्या दिशी बुगडी गाडीमागं पार वढ्यालोक आली. रायभाननं मानंला धरून ठिवली तिला. गोपिकाबाई खाली उतरली आन भावाला म्हणली, "दादा, होळीला तू आष्टीवरून मंठ्याकडं कळप घेऊन जातो न? फाटकावरूनच जा. गाठुडं बांधून बसते मी. पोरीला घेऊन तुझ्यासंगं येते."

नवऱ्यापसून चोरून न्हाई केलं तिनं हे. गाडीत बसल्या बसल्या सांगितलं.

"आवं, होळीला दादा येईल. मी जाणार."

"बरं."

"बरं काय? थांब म्हणा न."

"थांब म्हणलं तर थांबशील का?"

"न्हाई."

"मंग काहून तोंड दुखवू?"

ती गेली की ह्याची नौकरी जाणार, हे दोघाला बी ठावं व्हतं.

फाटक म्हंजे काय, तर रस्त्याच्या दोन्ही अंगाला एकेक लोखंडी दांडा, मधून रूळ, बाजूला रुळाला लागून एक खोली. दोन झंड्या, एक हिरवी, एक लाल. एक कंदील. पाण्याची हीर अर्ध्या कोसावर. खोलीमागं नुसता मुरूम, त्यात कुसळ बी उगवंना. गावचं माणूस फाटकावर यायचं, गाडी-बैल पलीकडं काढायचं आन निघून जायचं. बसा म्हणलं तर म्हणायचं, "सरकारी जागंवर कशाला बसायचं बाई?"

बिरू मातर रुळला तिथं. मेंढी गाभण हे का, पोटाला कान लावून बघावं न, तसा तो रुळाला कान लावून बसायचा. "आली. पारडाच्या पुलावर हे," म्हणायचा. आन बराबर निघायचं. गोपिकाबाईला त्याचा राग यायचा. ती जात्यावर बसून पुटपुटायची, "गाडी आली उठ, गाडी गेली बस. आम्ही मेंढरं हाकायचो, आता आम्हालाच हाकून राह्यलेत."

आसे करत करत पाच महिने काढले. होळी चार दिवसांवर आली. तिनं गाठुडं बांधलं, दारामागं ठिवलं. बिरू येता-जाता गाठुड्याकडं बघायचा, पर हात न्हाई लावला.

मंग एक दिवस, उन्हं उतरायच्या आधी, रस्त्यावर धूळ दिसली. घाटीचा आवाज आला. गोपिकाबाई पीठ मळून राह्यली व्हती, हात तसेच ठिवून उठली. रायभानचा दोन-अडीचशाचा कळप, खांद्यावर घोंगडी टाकून रायभान मागं.

बिरूनं रुळाला कान लावला. उठला आन वरडला, "मेव्हणं, प्यासिंजरला टाईम हे अजून. पर जल्दी काढा. मधी थांबू देऊ नका."

"तुमच्या फाटकाची सवय न्हाई आम्हाला, पावणं," रायभान हासला. "तुमी दांडा उचला, बुगडी नेती बराबर."

बिरूनं दोन्ही दांडे उघडले. बुगडी म्होरं झाली. मेंढरू पयल्यांदा रूळ बघून दचकतं, पर म्होरलं गेलं की सगळे जातात. बुगडीनं एक रूळ वलांडला. आता इथं जर गोपिकाबाई गप बसली असती न पुष्पे, तर पानाला चुना लावस्तोवर कळप पलीकडं गेला असता.

पर पाच महिन्यानं ती मेंढी दिसली तिला. डोस्क्यावर गाठुडं घेतलं, पोरगी कडंवर घेतली, खोलीतून भाईर आली आन तिच्या तोंडातून निघालं, "बुगडेऽऽ!"

बुगडी थांबली, मधोमध. कान वर केला. आन पलीकडं जायाचं सोडून वळली, रुळारुळानं खोलीकडं पळाया लागली. म्होरलं वळलं की मागचे वळणारच. सगळा कळप रस्ता सोडून रुळावर. निम्मे खडीवर, निम्मे रुळाच्या मधी, एकमेकात घुसलेले. रायभान काठी घेऊन धावला तर ते आणखीच दाटले. आन तेवढ्यात शिटी झाली. गाडी टाईमाच्या आधी आल्ती, बिरूचा कान पयल्यांदाच चुकला.

बिरूकडं दोन रस्ते व्हते. फाटकवाल्याचं काम काय, तर गाडी थांबवायची न्हाई. दहा-वीस मेंढरं गेली असती तर धनगराचं नुसकान झालं असतं, रेल्वेचं न्हाई. रेल्वे इचारत बी न्हाई. आन गाडी थांबवली की नौकरीवर येणार. बिरूनं लाल झंडी उचलली आन गाडीच्या दिशेनं पळत सुटला, रुळाच्या मधून.

गोपिकाबाईनं ते बघितलं. तव्हा तिच्या ध्येनात आलं, हे आपल्या हाकंनं झालं. तिनं गाठुडं तिथंच टाकलं, पोरगी ओट्यावर बसवली आन रूळ वलांडून पलीकडच्या रस्त्यानं पळाया लागली. मागं वळून बघायचं न्हाई, हे धनगराच्या लेकराला शिकवावं लागत न्हाई. तू थांबली की मेंढरू थांबतं. लुगड्याचा काष्टा खोचला आन वरडत पळाली, "बुगडेऽऽ ये ये ये! हुर्रर्र, बुगडेऽऽ!"

घाटी वाजली, जवळ जवळ आली. मागं खुरांचा आवाज, खडी उडल्याचा आवाज. ती लिंबाच्या झाडालोक पळाली आन मंगच वळली. सगळा कळप तिच्या मागं रस्त्यावर. रायभान शेवटचं कोकरू काखंत मारून येऊन राह्यला व्हता.

गाडी थांबल्ती. डायव्हर भाईर वाकून शिव्या द्यायला लागला. गार्ड उतरून आला. "कायको रोका?" बिरूनं हात जोडून सांगितलं, मेंढरं रुळावर आल्ती. गार्डनं वहीत लिहिलं आन म्हणला, "साहेब को बोलना पडेगा." गाडी गेली.

बिरूनं दांडे लावले. मंग खाली बसला. झंडी गुंडाळाया गेला, पर जमंना.

रायभान म्हणला, "दाजी, आता साहेब काढायच्या आधी सोडून द्या. चला तिघं बी माझ्यासंगं."

बिरूनं गोपिकाबाईकडं बघितलं. म्हणला, "ही जाईल. मी साहेब येईस्तोवर बसतो."

गोपिकाबाई गाठुडं सोडून राह्यली व्हती. त्यातली परात काढली, झटकली. "कणीक वाळून गेली सगळी," म्हणली. मंग भावाला म्हणली, "दादा, मी न्हाई येत. हाक मी मारली. मी निघून गेले तर साहेब सगळं ह्यांच्या एकट्याच्या डोस्क्यावर घालंल."

"आन साहेब गेल्यावर?"

"गेल्यावरचं गेल्यावर."

रायभान म्हणला, बुगडी तरी ठीव तुझ्यापशी. तवर बुगडी तिच्या पदराला तोंड पुसून राह्यली व्हती. गोपिकाबाईनं तिच्या गळ्यातली घाटी सोडली. "न्हाई. ही माझ्या आवाजावर येती. मी दिवसभर हितं कुणाला तरी हाका मारणार, पोरीला मारणार, ह्यांला मारणार. एखांद्या दिवशी गाडीखाली जाईल. लांब ने हिला." आन दुसऱ्या एका मेंढीला म्होरं चालाया शिकीव म्हणून सांगितलं.

रायभान दोन दिवस राहिला. खोलीमागच्या मुरमावर कळप बसवला. बहिणीला आणखी काय देणार व्हता?

आठ दिवसानं साहेब आला, ट्रॉलीवर बसून. कडूबा संगं. बिरू उभा. गोपिकाबाई पदर घेऊन म्होरं झाली आन म्हणली, "साहेब, ह्यांची चूक न्हाई. मी आवाज दिला."

"किस को?"

"मेंढीला."

"मेंढी को आवाज दिया, और मेंढी समझ गई?"

"तुमची गाडी समजत न्हाई साहेब, माझी मेंढी समजती."

कडूबानं कपाळावर हात मारला. पर साहेब हासला. मंग खोलीमागं गेला तर सगळीकडं लेंड्या. "यहां जनावर रखते? मना है!"

"न्हाई साहेब," गोपिकाबाई म्हणली, "पावणे आल्ते."

साहेबानं आठ दिवसाचा पगार कापला आन नौकरी ठिवली. जाताना बिरूला म्हणला, "फाटक तुम देखो. बीबी को बोलो, चुप रहे." ते काय शेवटलोक झालं न्हाई.

पावसाळ्यात त्या मुरमात भोपळ्याचा येल लागला, मिरच्या लागल्या, वांगी तर आशी की फाटकावर थांबलेले गाडीवान मागून न्यायचे. वांग्यापायी का व्हईना, बसाया लागले. त्याच गार्डला तिनं चालत्या गाडीत भोपळा दिला. बुगडी दोन सालानं म्हातारपणानं मेली, मंठ्याच्या रानात. रायभाननं सांगितलं तव्हा गोपिकाबाई जात्यावर बसली व्हती. "बरं," म्हणली आन दळत राहिली. अगदी बिरूवानी म्हणली बघ. निजाम गेला, रेल्वे दुसऱ्याची झाली, फाटक तेच. सव्वीस वर्सं काढली तिनं तिथं. पर दर होळीच्या आधी गाठुडं बांधायची, होळी झाली की सोडायची. बिरू म्हणायचा, "औंदा बी व्हय?" ती म्हणायची, "बघू न."

झालं. आता हे कागद तुझ्या नंदाअक्काला दे. नवऱ्याची बदली झाली म्हणून चार दिवस झाले इथं येऊन तोंड फुगवून बसली ती, उद्या नवऱ्याकडं परत जाणार, तव्हा दे. आन फडताळात डब्यामागं ती घाटी हे, ती बी दे. मी 'जा' म्हणलं न्हाई आन 'नको जाऊ' बी म्हणलं न्हाई, आसं सांग. बदलीच्या गावी होळीलोक राहून बघ म्हणावं. घाटी चिंधीत नीट गुंडाळ गं, न्हाईतर यष्टीत सगळ्या वाटंनं वाजत जाईल.