दिल्लीने नाही म्हटलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ऑफिसात तर नाहीच. फार लपवावं लागलं असंही नाही — कुणी कधी विचारलंच नाही. माझ्यासारखीला असं काही विचारायचं लोकांच्या मनातही येत नाही. मी कामाची बाई. गॅसचा नंबर लावण्यापासून पाहुण्यांच्या रिझर्व्हेशनपर्यंत सगळं वेळेवर करणारी. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते जात नाहीये.

नवऱ्याच्या बँकेने त्याची बदली लखनौला केली तेव्हा आम्ही सांगलीहून इथे आलो. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहिलो. तेलीबागेत घर झालं. मला इथल्या एका संग्रहालयात नोकरी लागली. कुठल्या ते सांगत नाही; संग्रहालयाची यात काही चूक नाही. त्या काळात परदेशातून जी प्रदर्शनं यायची, त्यांची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जायची.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगायला हवं. परदेशातलं संग्रहालय आपली चित्रं काही महिन्यांसाठी उसनी देतं. पण कस्टमच्या लेखी चित्र म्हणजे बाहेरून आलेला माल. त्यावर ड्यूटी लागू नये म्हणून आधी दिल्लीची मंजुरी घ्यायची — प्रदर्शन लोकांसाठी आहे, विक्रीसाठी नाही, आणि आलेलं प्रत्येक चित्र परत जाईल, अशी. त्यासाठी यादी द्यायची. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, माप, फोटो. यादीत आहे ते विमानातून उतरतं. यादीत नाही ते उतरत नाही, मग ते कुणाचंही असो.

अशी यादी करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. दिल्लीहून काहीही शंका न काढता फाइल परत येणं ही दुर्मिळ गोष्ट. एखाद्या मापात इंच-सेंटिमीटरचा घोळ झाला तरी सगळं पहिल्यापासून. त्या वर्षी इंग्लंडमधल्या एका लहान शहरातून जलरंगातली चित्रं येणार होती, आणि माझी यादी पहिल्या फटक्यात मंजूर झाली. संचालकांनी मीटिंगमध्ये मंजुरीचा कागद हातात धरून सगळ्यांना दाखवला. "देखिए, ऐसे होता है काम," म्हणाले. मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं. हे लक्षात ठेवा — पुढचं सगळं या बरं वाटण्यातून निघालं.

नफीसा आपा त्याआधी, यादी दिल्लीला गेलेली असताना, माझ्याकडे आल्या होत्या. चौकात, म्हणजे लखनौच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. पेपरात प्रदर्शनाची बातमी वाचून रिक्षा करून आल्या.

"विलायत से तस्वीरें आप ही मँगवाती हैं? मराठिन मैडम?"

मी हो म्हटलं.

"अच्छा. हमारे स्कूल में भी एक मराठिन थीं. किसी को बैठने नहीं देती थीं." आणि मी काही म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसल्या.

त्यांचा भाऊ अनवर चित्रकार होता. फाळणीनंतर काही वर्षांनी मामांबरोबर कराचीला गेला, तिथे जमलं नाही, तसाच पुढे इंग्लंडला. तिकडचाच नागरिक झाला, तिकडेच वारला. ज्या संग्रहालयातून आमचं प्रदर्शन येणार होतं त्यांनी त्याचं एक चित्र घेतलेलं होतं. तसं त्याने पत्रात कळवलं होतं. चित्रात चौकातल्या घराची गच्ची, आणि गच्चीवर मुगाच्या वड्या वाळत घालणारी आई. आठवणीतून काढलेली. आईचा फोटो घरात एकही नव्हता. पडदा पाळणारं घर, काढलाच नव्हता कधी.

"अम्माँ की सूरत अब हमसे छूटने लगी है," आपा म्हणाल्या. "कभी नाक याद आती है, कभी आँखें. एक साथ नहीं आतीं."

हे त्यांनी शाळेत नदीचा उगम सांगावा तशा आवाजात सांगितलं. मला ते आवडलं. रडणाऱ्या माणसांपुढे मला काय करायचं ते कळत नाही. मी त्याच दिवशी इंग्लंडला फॅक्स केला. तिकडून उत्साहाने उत्तर आलं — चित्र आहे, लखनौत ते लागणार असेल तर आनंदच आहे, आणखी एक पेटी सहज पाठवू. मागोमाग पोस्टाने चित्राचा रंगीत फोटो आला. पण तोवर आमची यादी मंजूर होऊन आली होती.

म्हणजे आता पूरक यादी पाठवायची. मी दिल्लीला मिश्राजींना फोन केला; आमच्या फाइली त्यांच्याकडेच असायच्या. ते म्हणाले, "अरे मैडम, एक ही तो तस्वीर है. भेज दीजिए, हो जाएगा." एवढं सोपं होतं ते. मी आपांना कळवलं की चित्र येतंय. दुसऱ्या दिवशी त्या फडक्यात गुंडाळलेले शीरमाल, इथल्या केशरी गोडसर रोट्या, घेऊन आल्या आणि अख्ख्या ऑफिसला खाऊ घातले.

पूरक यादीवर संचालकांची सही लागणार होती. सही घ्यायला गेले असते तर ते चिडले नसते. वर बघून एवढंच म्हणाले असते, "अच्छा? छूट गया था?" बस. मला ते ऐकायचं नव्हतं. ज्या यादीबद्दल सगळ्यांसमोर कौतुक झालं, ती आता अपुरी होती असं होणार होतं. खरं तर अपुरीही नव्हती — नंतर आलेलं चित्र नंतर घालायचं, यात कसला कमीपणा? पण मी म्हटलं, सोमवारी बघू. मग म्हटलं, आधी ट्रकचं ठरू दे. मग विम्याचं. असं करत करत तिकडे पेट्या ठोकून झाल्या, विमानाची तारीख आली, आणि पूरक यादीची वेळ टळून गेली.

आता तुम्ही म्हणाल, हलगर्जीपणा झाला. हो, झाला. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. ऑफिसात असं होतं. माणूस दोन दिवस चरफडतो आणि विसरतो.

आपांना सांगायला मी स्वतः चौकात गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण ते मला बरं दिसेना — बघा, अशा बाबतीत मी नेहमीच व्यवस्थित. त्यांच्या घरी त्यांचा भाचा जावेद होता. धाकट्या बहिणीचा मुलगा, आपांनीच वाढवलेला. त्याची नुकतीच सरकारी नोकरीत निवड झाली होती. पोलीस व्हेरिफिकेशन तेवढं व्हायचं होतं. मला पलंगावर बसवलं. चहा आला. मी कप हातात घेतला आणि म्हटलं, "आपा, दिल्ली से मना हो गया."

आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य. दिल्लीने नाही म्हटलं. त्यापुढे कुणी जात नाही. कारण काय, कुणी नाही म्हटलं, केव्हा — लोक विचारत नाहीत. मान हलवतात, उलट तुम्हालाच सहानुभूती दाखवतात. मी हे वाक्य आधीही वापरलं होतं, आमच्याकडे सगळेच वापरायचे. मला वाटलं, आपाही मान हलवतील.

त्या शिक्षिका होत्या. "वजह क्या लिखी है?" त्यांनी विचारलं.

"वजह नहीं लिखते."

"कमाल है. बिना वजह तो हम लड़कियों को क्लास से भी नहीं निकालते थे." आणि जावेदला म्हणाल्या, "कागज़-क़लम लाओ. हम मंत्रीजी को दरख़्वास्त लिखेंगे. हमारी अंग्रेज़ी अच्छी है."

जावेद कागद घेऊन आला. पेनचं टोपण काढून बसला. आणि मला दिसलं, तो अर्ज कुठे जाणार ते. वरून खाली उतरत उतरत तो मिश्राजींच्या टेबलावर येणार. मिश्राजी म्हणणार, मी तर पाठवा म्हटलं होतं, पूरक यादी आलीच नाही. ते संचालकांना कळणार. मग साध्या "छूट गया था?"वर भागणार नव्हतं.

इथपर्यंत मी किती वेळा आले आहे मनातल्या मनात — आणि इथून मागे फिरले आहे. आज फिरत नाही.

मी म्हटलं, "रहने दीजिए, आपा. अनवर भाई कराची होकर गए थे न. वही बात उठी है. इधर जावेद मियाँ की वेरिफिकेशन चल रही है. बात न बढ़ाइए."

कराचीची बात कुणीही काढलेली नव्हती. कुठल्या कागदात तो रकानाच नव्हता. अनवर इंग्लंडचा नागरिक म्हणून मेला होता आणि त्याचं चित्र इंग्लंडच्या संग्रहालयाचं होतं; दिल्लीला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते वाक्य मी तिथे, त्या पलंगावर, हातात त्यांचा चहा असताना बनवलं.

हेच का सुचलं? कारण ते लागू पडणार हे मला ठाऊक होतं. मी त्याच शहरात राहत होते. त्या वर्षांत कुठल्या मोहल्ल्यातली दुकानं लवकर बंद होत होती, ऑफिसातली कुठली माणसं एकाएकी हळू आवाजात बोलू लागली होती — मी बघत होते. या घराला कुठे दाबलं की ते गप्प होईल, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तिथेच दाबलं.

जावेदने पेनचं टोपण लावलं.

आपांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "अब तक?"

मी मान हलवली. होकारार्थी.

"मरे हुए आदमी से भी?"

मी खाली बघितलं. तेही उत्तरच झालं.

मग त्यांनीच माझी समजूत घातली. "आपका क्या क़ुसूर, बेटी. आपने तो कोशिश की." चहा निवला होता म्हणून दुसरा करायला लावला. मी तो प्यायले.

प्रदर्शन चांगलं झालं. आपा आल्या नाहीत. प्रदर्शन संपल्यावर पेट्या परत गेल्या, कस्टमच्या माणसासमोर प्रत्येक चित्र यादीशी ताडून, एकही इकडे-तिकडे नाही. पुन्हा कौतुक झालं. फाइल बंद करताना तो रंगीत फोटो हाताला लागला. गच्ची, चादरीवर ओळीने टाकलेल्या वड्या, आणि उन्हामुळे डोळे बारीक करून वर बघणारी एक ठेंगणी बाई. आता हा फोटो कुणालाच नको होता. मी तो पर्समध्ये टाकला आणि चौकात गेले. एवढं केलं की झालं, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

आपा एकट्याच होत्या. त्यांनी चष्मा लावला, फोटो दारापाशी उजेडात नेला. मी मागे उभी होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"नाक छोटी बना दी उसने," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "नहीं. ऐसी ही थी."

मग त्या वळल्या आणि फोटो माझ्या हातात परत दिला.

"ले जाइए, बेटी. जिस चीज़ को सरकार ने रोका, वो हमारे घर से निकले तो अच्छा नहीं होगा. लड़के की नौकरी है."

मी म्हटलं, साधा फोटोच तर आहे. त्या म्हणाल्या, "आप ही ने तो समझाया था."

घरात दुसरं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं — कुणी रोखलं नाही आपा, मी पाठवायचं राहू दिलं. मंजुरी लागत नव्हती, सही लागत नव्हती. आई त्यांच्या घरात राहिली असती. आणि ते "अब तक?" त्यांच्या मनातून गेलं असतं. मी फोटो पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली. त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "सँभलकर जाइए, आगे नाली खुली है."

जावेदला नोकरी मिळाली. व्हेरिफिकेशनमध्ये काहीही निघालं नाही. निघण्यासारखं काही नव्हतंच. आपा काही वर्षांनी वारल्या, मला नंतर कळलं. जावेद एकदा भाजी घेताना भेटला. आदराने बाजूला झाला, माझी पिशवी रिक्षात ठेवून दिली. म्हणाला, "ख़ाला आख़िर तक कहती थीं, मराठिन मैडम ने हमारे लिए बहुत हाथ-पैर मारे."

मी म्हटलं, घरी सगळे ठीक ना? तो हो म्हणाला. रिक्षा निघाली.

फोटो माझ्या कपाटात आहे. जावेदचं ऑफिस माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे.