साहेबांचं बटण

आमचं ऑफिस नांदेडचं, साहेब लातूरचे. घरची धान्याची आडत, त्यामुळे माल हाताखालून गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणि आमचा माल तर डोळ्यांनाही न दिसणारा. लातूरच्या शिकवणीवर्गांचे अर्ज घेणारं आमचं सॉफ्टवेअर म्हणजे तीसेक छोट्या प्रोग्रॅमचं मोठं खटलं. एक फोटो घेतो, दुसरा फी, तिसरा मेसेज पाठवतो. एक रुसला की मागचे चार अडतात. कोण रुसलंय ते कळावं म्हणून मी साहेबांच्या केबिनमध्ये मोठा पडदा लावून दिला. चालू तो हिरवा, पडला तो लाल.

साहेबांनी आठवडाभर तो पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, दिसायलंय तर सगळं. पण माझ्या हातात काय हाय?"

खरं उत्तर होतं, काही नाही. पडलेला प्रोग्रॅम मिनिटभरात आपला आपण उठावा, अशी सोय आम्ही केलेलीच होती. पण मालकाला असं सांगता येतं का? शिवाय माझ्या अंगात खोड्या फार. मी पडद्यावर एक मोठं बटण काढून दिलं: 'सगळं ठीक करा'. दाबलं की चक्र फिरायचं आणि 'झालं' अशी अक्षरं यायची. मागे काहीही जोडलेलं नव्हतं.

साहेब हरखले. रोज सकाळी पडद्याला उदबत्ती, मग बटण. दिवसा लाल दिसलं की बटण, आणि मिनिटभरात हिरवं. "बघा, आलं का न्हाई वळणावर?" असं विचारायचे. आम्ही जिन्यात जाऊन पोट धरून हसायचो. दोन वर्षं हसलो.

मग बिलोलीची एक मुलगी कामाला लागली. भारी गुणी. तिला ही गंमत कुणी सांगितलेली नव्हती. बटणामागे काहीच नाही हे तिने पाहिलं. ताईंचं, म्हणजे माझं, काम अर्धवट राहिलंय, चारचौघांत कशाला दाखवायचं, म्हणून एका संध्याकाळी तिने ते गुपचूप पूर्ण केलं. आता दाबलं की तीसही प्रोग्रॅम बंद होऊन पुन्हा सुरू होणार होते.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या एका वर्गाच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जांची मुदत संपत होती, संध्याकाळी पाचला. सकाळी उदबत्तीनंतर साहेबांनी बटण दाबलं तेव्हा सगळं एकदा बंद होऊन उठलं, पण गर्दी नव्हती म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी फोटोचा प्रोग्रॅम पडला, साहेबांनी बटण दाबलं आणि अख्खा पडदा लाल झाला. लाल दिसलं म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं.

त्या मुलीची धाकटी बहीण बिलोलीच्या नेट कॅफेत बसली होती. शिष्यवृत्ती मिळाली तरच तिला लातूरला शिकता येणार होतं. तिचे फोनवर फोन, "अक्का, फोटो चढविला की पुन्हा पहिल्यापासून व्हायलंय!"

मी प्रोग्रॅमच्या नोंदी उपसत बसले. प्रत्येक नोंद एकच सांगत होती, बंद होण्याचा हुकूम बटणावरून आला. मी ती वाचायची आणि सोडून द्यायची. ते बटण पोकळ आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? असे दोन तास घालवले. शेवटी ती मुलगी हळूच म्हणाली, "ताई, ते मी जोडलं की."

साडेचार वाजले होते. जोडणी काढायला दहा मिनिटं हवी होती आणि साहेब दर दोन मिनिटांनी आमचं काम मुळापासून उखडत होते. मी केबिनमध्ये धावले. "साहेब, बटण दाबू नका, बिघडलंय."

"न्हाई न्हाई," घामाघूम साहेब म्हणाले, "दुपारपासून ह्याच्यावरच तर तगवून धरलंय मी!" आणि त्यांनी हात पुढे केला.

मी तो हात धरला. "साहेब, ते बटण खोटं होतं. दोन वर्षं. आज पहिल्यांदा त्यानं काहीतरी होतंय, आणि त्यानंच सगळं पडतंय."

साहेबांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. बाहेर मुलीने जोडणी काढली. पाचला दहा मिनिटं असताना बहिणीचा अर्ज गेला आणि ऑफिसात टाळ्या पडल्या. माझा मात्र केबिनमधून पाय निघेना.

"समद्या ऑफिसला म्हाईत होतं?" साहेबांनी पडद्याकडे बघतच विचारलं.

"हो."

"आन् हसत होते?"

"हो, साहेब."

"सगळ्यात जास्त कोन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी," मी म्हणाले.