तळव्यांतली एनर्जी

नंदुरबारात मिरची वाळत घालण्याच्या उघड्या मैदानाला पथारी म्हणतात. हंगामात ती चंद्रावरून लाल दिसते. चंद्रावर जाऊन आलेल्यांपैकी कोणी अजून नाही म्हटलेलं नाही, म्हणजे खरंच असणार. या पथारीवर माझी मोठी वहिनी वीस वर्षं मिरचीचे देठ खुडत होती, आणि त्यातली शेवटची दहा वर्षं देठ खुडणाऱ्या पंचवीस बायकांची मुकादमीण होती. हंगाम सरला की काम सरलं; मग उरलेलं वर्ष जिथं मिळेल तिथं मजुरी.

शेठनं पथारीला लागून मसाल्याचा कारखाना काढला आणि आत एक सुपरवायझर बाई पाहिजे म्हणून सांगितलं. बाराही महिने काम, डोक्यावर पत्रा, बसायला खुर्ची. वहिनीनं आयुष्यात कशाचा हट्ट धरला नव्हता, त्या खुर्चीचा धरला. गुडघे गेले होते तिचे. पण शेठच्या मुलानं कुठंतरी ऐकलं होतं की हल्ली माणूस कामावरून ओळखत नाहीत, पर्सनॅलिटीवरून ओळखतात. म्हणून त्यानं सुरतेहून एक सर बोलावला. सर सगळ्या बायकांचं ट्रेनिंग घेणार, एकेकीचा फॉर्म भरणार, आणि जिच्या फॉर्मवर चांगले शब्द, तिला खुर्ची.

मी शेजारीच मार्केटात पोती तोलणारा तोलारी. दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेला, म्हणून मला दुभाष्या केलं.

सर आला तो कोट घालून. नंदुरबारच्या भर दुपारी कोट! त्याच्या अंगाला अत्तराचा असा वास होता की पथारीवरची मिरची शिंकली. कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये त्यानं पांढऱ्या फळ्यावर पाच शब्द लिहिले. एनर्जेटिक, डायनॅमिक, व्हायब्रंट, चार्मिंग, मॅग्नेटिक. प्रत्येक शब्दाखाली दोन-दोन रेघा ओढल्या आणि ते आपल्याच पोटची पोरं असल्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिला.

"हाऊ काय म्हनी ऱ्हायना, भाऊ?" वहिनीनं मला विचारलं.

"म्हणतोय, अंगात धमक पाहिजे."

"आनि बाकीना चार?"

"तेच. पण कोट घालून."

वहिनी हसली नाही. तिचा जीव त्या फॉर्मात होता. ज्या बाईनं ओल्या मिरचीची पोती पाठीवरून अशी वाहिली की आमचा बैल शरमेनं खाली मान घालायचा, ती बाई पाच शब्दांपुढं शाळेतल्या मुलीसारखी मांडी घालून बसली होती.

सरनं सगळ्यांना उड्या मारायला लावल्या. दोन्ही हात वर करून "येस! येस!" ओरडायचं. बायकांनी पदर तोंडात कोंबून उड्या मारल्या. वहिनीनं गुडघ्यामुळं मारली नाही, नुसता हात वर केला. सरनं तिच्या फॉर्मवर लिहिलं, एनर्जी लो. मी वाचलं, तिला सांगितलं नाही. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिला वाचायला तेवढं पुरतं.

मग आला शेकहँड. मॅग्नेटिक माणसाचा हात घट्ट असतो म्हणे. सरनं पंचवीसही बायकांचा हात दाबदाबून हातात घेतला. आता या बायका सकाळपासून देठ खुडत बसलेल्या, तिथून थेट उठून आलेल्या. साबणानं धुतले तरी त्या हातांतली मिरची जात नाही, आधी तेल चोळावं लागतं. म्हणून पथारीवर कोणी कोणाचा हात धरत नाही, लांबून नमस्कार. घाम पुसायचा तर दंडानं, डोळा चुरचुरला तर कोपरानं. आमच्याकडे मुलीच्या पाठवणीत आईसुद्धा कोपरानंच डोळे पुसते.

"आता तळहात एकमेकांवर घासा," सर म्हणाला. "जोरात! गरम झाले? ही तुमची एनर्जी. आता हे तळवे डोळ्यांवर ठेवा आणि ती आत जाऊ द्या."

पंचवीस बायकांनी हात घासले, वर नेले, आणि वीतभर अंतरावर थांबवले. सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं शांतपणे कोपर डोळ्यांवर ठेवलं. पंचवीस कोपरं डोळ्यांवर गेली.

"कोपर नाही, तळवे! तळवे!"

"साहेब, मिरचीना हात शेत," वहिनी म्हणाली. "डोयास्ले नका लावू."

मी अक्षर न गाळता भाषांतर केलं. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव प्रामाणिक भाषांतर.

"भीती म्हणजे निगेटिव्ह एनर्जी," सर म्हणाला, आणि पंचवीस बायकांची मिरची दोन्ही डोळ्यांत दाबून उभा राहिला.

तीन सेकंद त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं. मग जी उडी त्यानं मारली, तशी दिवसभरात कोणी मारली नव्हती. त्याची किंकाळी ऐकून स्टेशनातली मालगाडी सिग्नल नसताना निघून गेली म्हणतात. व्हायब्रंट म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

तो पाण्याच्या माठाकडे धावला. वहिनीनं मागून त्याची कॉलर धरली. "पानी नको! आखो भडकी जाई. बस खाले!" एकीला तेल आणायला पिटाळलं, दुसरीला चहाच्या टपरीवरून थंड दूध. त्याच्या हातांना तेल चोळलं, मान मांडीवर घेतली, डोळ्यांत दुधाची धार धरली. त्या गुडघ्यांवर! ओरडाआरडा ऐकून शेठ दारात आला आणि बघत उभा राहिला. पंचवीस बायका वहिनीच्या भुवईच्या इशाऱ्यावर हलत होत्या.

सर निवला. डोळे मिटलेले, टोमॅटोसारखे सुजलेले. "ही मॅडम कोण?" त्यानं विचारलं.

"एनर्जी लो," मी म्हणालो.

त्यानं चाचपडत खिशातलं पेन माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "खोडा. पाचही शब्द लिहा." मी सुवाच्य अक्षरात पाचही लिहिले.

शेठनं तो कागद हातात घेतलाच नाही. "सोमवारपासून आत बस," एवढंच वहिनीला म्हणाला.

"बसस. पन खुर्ची दारमा ठेवा, शेठ. माले बाया दिसाले पाहिजेत. आनि तेलनी बाटली पन."

निघताना सरचा हात सवयीनं पुढे आला. अर्ध्या वाटेत थबकला, मागे गेला, आणि त्यानं लांबून नमस्कार केला. दिवसभरात त्या शेडमध्ये कोणी काही शिकलं असेल, तर ते एवढंच.