एंजलची अंडी आणि गळका जोड

हातात पाना न घेता मोठा झालेला पुरुष आमच्या घरात नाही. सासरी गावाकडे विहीर आहे, मोसंबीची बाग आहे आणि या दोन्हींना जोडणारी लांबलचक पाइपलाइन आहे. तिचा सांधा सुटला की ही माणसं भरल्या ताटावरून उठतात. जालन्यात येऊन ऑफिसात बसायला लागून इतकी वर्षं झाली, तरी माझ्या नवऱ्याची ती खोड गेलेली नाही. बेसिनचा नळ टिपकला तर हा माणूस चिडत नाही, खूश होतो.

माशांची टाकी मात्र माझी. लेक पुण्याला शिकायला गेली आणि घर फारच गप्प झालं, म्हणून मी ती हट्टानं आणली. मामा, म्हणजे माझे सासरे, गुडघ्याच्या इलाजासाठी तेव्हा आमच्याकडेच होते. टाकी भरताना पाहून ते म्हणाले, "नळाला पाणी कवा येईल त्याचा भरोसा न्हाई, आन् तू पाण्यात मासे पोसून राह्यली? खाता येत न्हाईत, इकता येत न्हाईत. कामून एवढा खर्चा?" मी म्हटलं, "मामा, बघता येतात." त्यांना ते पटलं नव्हतंच.

टाकीची रचना साधी आहे. तळाच्या काचेला भोक आणि त्यात प्लॅस्टिकचा जोड. जोडातून वर टाकीत उभा राहिलेला पाइप, आणि खाली कपाटातल्या गाळणीच्या डब्यात उतरणारा दुसरा. काचेच्या खालून, रबरी चकतीवर टेकलेला एक मोठा नट जोडाला आवळून धरतो. वरच्या उभ्या पाइपावरच माझ्या एंजल माशांच्या जोडीनं अंडी घातली होती, साबुदाण्यासारखी, ओळीनं चिकटवलेली.

हे काही पहिलं बाळंतपण नव्हे. याआधी दरवेळी त्यांनी आपलीच अंडी गट्टम केली होती. जरा दणका बसला, समोरून कुणी झपकन गेलं, की घाबरून खायला सुरुवात. दरवेळी माझे डोळे भरून यायचे आणि घरातले हसायचे. या खेपेला मात्र नर-मादी दोघंही पंखांनी अंड्यांना वारा घालत पाइपापाशी ठाण मांडून होते. या वेळी पिल्लं बघायचीच, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं. आणि त्याच सकाळी कपाटाच्या फळीवर पाणी दिसलं.

थेंबथेंबच होतं. काचेच्या भोकापाशी जोड पाझरत होता.

नवरा पाना घेऊन हजर! कपाटात डोकं घालून त्यानं नट फिरवला. "फिरला. बसला बराबर," म्हणाला. तासाभरानं थेंब वाढले. मग मामा गुडघा धरत, कण्हत खाली बसले. "तुमच्या हातात दम न्हाई," म्हणत त्यांनी अजून एक आटा दिला. थेंब आणखी वाढले. दुपारी माझे धाकटे दीर मंठ्याच्या बाजारातून परस्पर आले. मोसंबीचं पोतं दारात टेकवलं, पाणी प्यायच्या आधीच कपाटात वाकले. "वहिनी, पाना द्या इकडं. म्या शेतात पाइप टाकता टाकता म्हातारा व्हायला आलो, ह्ये काय घेऊन बसलात?" त्यांनीही आवळलं. आता पाण्याची धार लागली.

तिघांचं एकमत झालं: टाकी रिकामी करायची, पाइप उपटायचा, जोड काढून नवा बसवायचा.

"आणि अंडी?" मी विचारलं.

दिरांनी आवाज खाली आणून म्हटलं, "वहिनी, अंडी काय, पुन्ना घालतीन."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भावजी, तुमच्या मोसंबीचा बहर गळाला तर तुम्हाला मी असंच सांगू का, की पुन्हा येईल म्हणून?"

मामांनी मान हलवली. बहर म्हटल्यावर त्यांना ते लगेच कळलं. "बरं," ते म्हणाले, "मंग दारं धरू."

दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देताना बांधावर उभं राहून ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणं. झोप, जेवण बाजूला ठेवून करायचं काम. आमच्याकडे त्या दुपारी टाकीची दारं धरली गेली. धारेखाली घमेलं लावलं. घमेलं भरत आलं की दीर ते काढून दुसरं सरकवत, नवरा पाणी फडक्यातून गाळत आणि मी पेल्यानं, काचेच्या कडेकडेनं, ते पुन्हा टाकीत सोडी. मामा खुर्चीत बसून हुकूम देत, "हळू. धार आदळू देऊ नको." सगळे इतके रंगले होते की दिरांना गावाकडे जायचंय, याचा त्यांनाच विसर पडला.

माशांना मात्र हे रंगलेपण सोसेना. नर अस्वस्थ झाला. एकदा पाइपापाशी गेला, आणि त्यानं एक अंडं टिपलं. मी पाहिलं.

"सगळे बाहेर व्हा," मी म्हटलं. सासऱ्यांसमोर इतका आवाज मी कधी चढवला नव्हता. पण मामा आधी उठले आणि पोरांना ढकलत बाहेर घेऊन गेले.

मी एकटी कपाटात वाकले, मोबाइलचा उजेड टाकला. धार जोडातूनच येत होती, पण मला दिसलं ते वेगळंच. नट आणि काच यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. इतक्या दणकट हातांनी दिवसभर आवळलेला नट काचेपासून लांब कसा? तेव्हा आठवला आमचा टेबल फॅन. दिवाळीच्या साफसफाईत त्याचं पातं काढते मी. पातं धरून ठेवणारी चक्री उलटी फिरते. नेहमीसारखी घट्ट करायला जावं तर सुटून हातात येते.

नटाचे आटे उलटे होते. पाइपलाइनवर पोसलेली तीन माणसं आळीपाळीनं जोर लावून तो सोडवत होती, आणि सहज फिरतोय म्हणून एकमेकांना शाबासकी देत होती.

मी पाना बाजूला ठेवला. नुसत्या हातानं नट उलट्या दिशेनं फिरवत नेला. रबराला टेकला तसा जड झाला. मग जरासा जोर, बस्स. धारेचे थेंब झाले, थेंब थांबले. फळी पुसली आणि कोरडा कागद ठेवला. कागद कोरडाच राहिला.

बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना. मग मामा एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. "म्हंजी आपण सकाळधरनं टाकी सोडून राह्यलो व्हतो?" दीर म्हणाले, "म्या तर लई जोरानं सोडली." त्या संध्याकाळी आम्ही पोतं फोडून मोसंबी खाल्ली, आणि जो तो आपण किती आटे सोडले ते मोठ्या अभिमानानं सांगत राहिला.

नरानं पुन्हा अंड्यांना तोंड लावलं नाही. अंडी फुटली, पिल्लं आधी पाइपालाच वळवळत चिकटून राहिली. आणि एका सकाळी ती सुटून आईबापाभोवती पोहायला लागली. मी मामांना हाताला धरून टाकीपुढे आणलं.

खळ्यावर धान्याची रास मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. मामांनी खुर्चीत बसून, बोट काचेपासून लांब धरून, दबक्या आवाजात सुरुवात केली, "लाभ... दोन... तीन... चार..." पिल्लं थोडीच जागेवर थांबणार? मोजणी चुकली की ते परत लाभपासून सुरू करत. भाकरी तव्यावर टाकून आलेली मी तिथंच उभी राहिले. करपल्याचा वास आला तेव्हा भानावर येऊन विचारलं, "मामा, किती झाली?"

त्यांनी मान वळवली नाही. "मायंदाळ हायेत, बाई," म्हणाले. "तू जाय, भाकर पाह्य. म्या हाय हितं."