उतारावरची हाक

हल्ली खोपोलीकडच्या कारखान्यांत कामगारांना कसं बोलावं ते शिकवायला माणूस येतो म्हणे. ऐकलं आणि डोकं तापलं. आम्हालाही शिकवलं होतं! माथेरानात हातरिक्षा ओढून अंगावर घट्टे पडले, तसे त्या शिकवणीचे किस्सेही साचले. किती सांगा, संपत नाहीत.

एका रिक्षाला आम्ही तिघे. पुढे दांड्या धरून गोतीराम, मागे मी आणि धाकू. मागच्यांना रस्ता दिसत नाही. म्हणून पुढच्याने ओरडायचं, "दगड!", "खड्डा!", "वळण!" हाक आली की मागच्यांनी गाडी खेचून धरायची. इंग्रज अजून गेला नव्हता, तेव्हाची ही रीत.

आमची रिक्षा एका हॉटेलची. तिथे मुंबईहून नवा मॅनेजर आला. पहिल्याच सकाळी आम्हाला रांगेत उभं केलं. "पाहुणा दिसला की हसायचं!"

गोतीराम कामावर कधी हसलेला नव्हता. एक अंगाने भरलेल्या शेठाणीबाई रिक्षात चढत होत्या, नेमका तेव्हाच हसला. बाई तशाच उतरल्या आणि तडक ऑफिसात. "मेला मला बघून दात काढतो!"

बोलणी कुणी खाल्ली? गोतीरामने!

दुसरा हुकूम, पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही. एका साहेबाने धाकूला विचारलं, "पॉइंटवर वाघ येतो का रे?"

"येतो साहेब!"

"आत्ता?"

"आत्ता बी येतो साहेब!"

साहेब सामान बांधून दुपारच्या गाडीने नेरळला उतरले. मॅनेजर धाकूवर धावून आला. "असं पुन्हा करशील?"

धाकू हात जोडून म्हणाला, "करीन साहेब!"

इथवर हसण्यावारी गेलं. मग हाक बंद झाली. पाहुण्यांच्या कानाशी ओरडणं म्हणजे अडाणीपणा, खुणेने सांगा. खुणेने! दोन्ही हात दांड्यांत, खूण काय नाकाने करायची? गोतीरामने हाक गिळली, चाक दगडावर चढलं आणि धाकूच्या पायाचा अंगठा चेचला. दुसऱ्या दिवशी गोतीराम पुन्हा ओरडला. मॅनेजरने सगळ्यांदेखत सुनावलं, "आणखी एकदा तोंड उघडलंस, तर कायमचा घरी!"

घरी म्हातारी आई, लहान पोरं, आणि शेत नाही. गोतीराम मुका झाला. धाकूचा पाय कुणी विचारला नाही.

मग एकदा हॉटेलचे मालक येणार म्हणून मॅनेजर स्वतःच घाईने आमच्या रिक्षात बसला. स्टेशनकडे निघालो. उतार लागला. हाक नाही, त्यामुळे मागे आम्हाला काही कळेना. गाडी पळायला लागली. पुढे वळण, वळणाखाली दरी. मॅनेजर गादी धरून किंचाळला, "अरे, हाक दे! हाक दे ना!"

गोतीरामने मान वळवली नाही.

"साहेब, माझी नोकरी ऱ्हाते का जाते, ते आधी बोला!"

"राहते! राहते रे बाबा!"

"मोठ्यानं बोला. मागच्या दोघांना ऐकू जायला पायजे!"