डिराइव्ह आणि पांझरेचा पाट

निवृत्तीनंतर मी लिहू लागले, तेही भीत भीत. शब्दांच्या मुळांवरची लहान टिपणे, फारशी कोणाला न दाखवलेली. जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला माझे दोन खोल्यांचे घर आहे. संध्याकाळी तलावाकडून फिरणाऱ्यांचे आवाज येतात; दिवेलागणीनंतर तेही थांबतात.

गेल्या हिवाळ्यात 'डिराइव्ह' या इंग्रजी क्रियापदापाशी मी अडले. एखाद्या गोष्टीपासून दुसरी मिळवणे, एका शब्दातून दुसरा साधणे, हे त्याचे अर्थ मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले होते. कोश उघडला, तर मुळात ते पाण्याचे क्रियापद निघाले. लॅटिनमध्ये 'रिव्हुस' म्हणजे ओढा आणि 'दे' म्हणजे त्यापासून दूर. प्रवाहातले पाणी चर काढून दुसरीकडे नेणे, हा त्याचा पहिला अर्थ. जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले आणि कालांतराने त्यातले पाणी आटले. 'रिव्हर' हा शब्द त्याच घरातला वाटतो, पण तसे नाही. त्याचे मूळ काठ या अर्थाच्या शब्दात आहे.

हे कोणाला तरी सांगावेसे वाटले, आणि एकच माणूस आठवला: माझा धाकटा भाऊ. साक्रीच्या बाजूला पांझरेकाठी आमचे गाव. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटावर त्याचे शेत. आईवडील गेल्यापासून आम्ही दर रविवारी फोनवर बोलतो. तब्येत कशी आहे, नळाला पाणी आले का, एवढ्यावर दोघांचेही शब्द संपतात. या वेळी तरी बोलणे पुढे जावे, म्हणून मी धुळ्याची बस धरली आणि वाटभर वाक्ये जुळवत राहिले.

शेतावर पोहोचले तेव्हा भाऊ दूर गव्हात उभा होता. पाट भरून वाहत होता. आमच्या वाफ्याचे तोंड मातीने बंद होते आणि कडेला फावडे पडले होते. हाताला काही काम मिळाल्याच्या आनंदात मी माती ओढली. पाणी गव्हात शिरले.

भाऊ लगबगीने आला. "अक्का, फावडं ठेव. इंग्रजी शिकाडी शिकाडी गावना कायदा इसरी गई का?"

मी खरोखरच विसरले होते. पाटाखालच्या शेतांचा एक सलग पट्टा म्हणजे फड; त्यात सगळ्यांचे पीक एक, आणि पाणी फिरवणारा गावाने नेमलेला पाटकरी. मालकाने आपल्या शेताला आपल्या हाताने पाणी घ्यायचे नाही. मागून पाटकरी सावकाश आला, त्याने वाफ्याचे तोंड पुन्हा बंद केले आणि भावाला म्हणाला, "ऱ्हाऊ दे नाना. अक्काले मन्हा हाताखाले लाई दे."

भाऊ हसला. मला हसता आले नाही. दोघेही चांगुलपणाने बोलत होते, पाहुण्यांशी बोलतात तसे.

मग बांधावर चहा पिताना मी तो शब्द सांगितला, प्रमाण मराठीत, जुळवून आणलेल्या वाक्यांत. भाऊ पाटाकडे पाहत ऐकत होता.

"मंग तिकडे बी फड व्हता का?"

"माहीत नाही."

"पानी कोन फिरवे? मालक का पाटकरी?"

"तेही कोशात नाही."

त्याने मान हलवली. तिन्हीसांजेच्या बसने मी परतले आणि ते टिपण अर्धेच ठेवून दिले.

रविवारी फोन आला. तब्येतीचे झाले, नळाचे झाले. मी फोन ठेवण्याच्या बेतात होते.

"अक्का," तो म्हणाला, "पाटकरी इचारी ऱ्हायना. तिकडे पानी कोन फिरवे, ते सापडनं का?"

पाटकऱ्याने खरेच विचारले होते की नाही, कोण जाणे. 'पाहून सांगते' हे ओठांवर आले होते. मी थांबले. आई गेल्यापासून न उच्चारलेली घरची बोली शोधायला जरा वेळ लागला.

"देखीसन सांगसू," मी म्हणाले.

पलीकडे त्याने फोन ठेवला नाही.