अदबीनं बांधलेली भिंत

माधवगंजातल्या आमच्या हिंदी बोलणाऱ्या गल्लीत मराठी घरं दोनच उरली होती, आमचं आणि शेजारच्या काकांचं. त्यामुळे काकांनी आमची हातभर जागा गिळून भिंत घालायला घेतली, तेव्हा बाबांना रागाआधी लाज वाटली. आपल्यातलं भांडण गल्लीला कळता कामा नये, याबाबत मात्र दोघांचं एकमत होतं.

भिंत आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच चढत होती. उजेड यायला तेवढी एकच खिडकी. बाबा रोज सकाळी दारापुढच्या ओट्यावर उभे राहून, हसऱ्या चेहऱ्यानं म्हणायचे, "आपण ही शुद्ध चोरी करताय." काका हात जोडून म्हणायचे, "आपल्याला काय करायचं ते करा. भिंत हलणार नाही." समोरचा मिठाईवाला कौतुकानं बघायचा. एकदा मला म्हणाला, "आप मराठी लोगों में कितना अदब है." त्या अदबीचा मला संताप यायचा.

शेवटी बाबांनी मोबाइलवरून निगमात, म्हणजे महापालिकेत, तक्रार केली. चौकशीला माणूस आला. जुन्या घरांची हद्द कागदावर कुठेच नीट नव्हती, म्हणून त्यानं गल्लीला विचारलं. मिठाईवाला म्हणाला, "झगड़ा? इनमें? रोज़ सुबह इतने प्यार से बतियाते हैं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माणूस चहा पिऊन गेला आणि भिंत पूर्ण झाली.

आई भरदुपारी बल्ब लावून पोळ्या लाटू लागली. संक्रांतीला काकू हळदीकुंकवाला आल्या. गल्लीत दुसरं मराठी घर होतं कुठे? पाणी प्यायला आत आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, दिवसाढवळ्या दिवा?"

आईनं त्यांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं आणि पोचवायला दारापर्यंत गेली. आम्ही घरात हिंदी बोललो की डोळे वटारणारी माझी आई ओट्यावर उभी राहिली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत हिंदीत म्हणाली, "भाभीजी, आपकी दीवार ने मेरे चौके का उजाला छीन लिया है. अब सबको पता रहे."

मिठाईवाल्याचा झारा कढईवर थांबला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आतून बाबांचा दबका आवाज आला, "हळू बोल गं. लोक ऐकतील."